टाकीवरची जागा

इंदुबाईला टाकीवर जायचं होतं. बास, एवढंच! मोरिवलीच्या प्लेटिंग कारखान्यात नऊ वर्षं ती पितळी तोट्या तांब्याच्या तारेत ओवून देत होती; मुलामा चढवायला निकलच्या टाकीत त्या सोडायचा मान मात्र ऑपरेटरचा. एकोणनव्वद साली जुना ऑपरेटर काम सोडून गावी गेला. शेठ म्हणाले, "दिनानाथ केमिस्ट तोंडी परीक्षा घेतील. पास होईल तो ऑपरेटर."

दिनानाथ पडले पुस्तकी. त्यांनी विचारलं, "निकलचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. मग त्याचा आयन धन की ऋण?"

प्लस-मायनस विचारलं असतं तर बाईनं झोपेत सांगितलं असतं. पण धन-ऋण! "ऋण," ती म्हणाली. "देऊन बसला, मग धन कुठून राहील त्याच्याकडे?"

दिनानाथांना हसू फुटलं. "अहो, इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण! ऋण गेलं की उरतं काय?"

इंदुबाईनं डोळे बारीक केले. "अगबाई! म्हणजे कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात मारून हा झाला धनवान? म्हणूनच मेला मायनसच्या तोटीला जाऊन चिकटतो!" मग ती थांबलीच नाही. तोटी प्लसला लावली तर पितळच सुटून पाण्यात उतरेल, माल जाईल अन् टाकीही नासेल, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. दिनानाथांनी कागदावर 'पास' लिहिलं.

शेठनी कागद वाचून घडी घातली. "बाईमाणूस टाकीवर? नको." आणि घेतलं महिपतीला. त्याच परीक्षेत नापास झालेला, पण पुरुष ना! दिनानाथांनी पुस्तकात डोकं घातलं. इंदुबाईला रडू नाही आलं. अंगाची नुसती लाही झाली.

दुसऱ्या दिवशी वीजपुरवठ्याचं मशीन दुरुस्त होऊन आलं. महिपती दोन वायरी हातात धरून उभा.

"मावशी, तोट्यांच्या दांडीला प्लस जोडू का मायनस?"

शेठ केबिनच्या दारातच होते. इंदुबाईनं दांडीकडे पाहिलं. एक चुकीचा शब्द, की अख्खा लॉट खलास आणि महिपती घरी. पण दांडीवरच्या चाळीस तोट्या तिनं स्वतः ओवल्या होत्या.

"मायनस," ती शेठना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली. "ऑपरेटरचा पगार घेतोस, तर एवढं तरी पाठ कर!"