डी ड्राइव्हवर उरलेली चिठ्ठी

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या केंद्रात तिला सगळे मशीनबाई म्हणत. तिथं यंत्रं ढिगानं होती. प्लास्टिक तापवायची भट्टी होती, कडा घासायचा पट्टा होता, भोकं पाडायची ड्रिलं होती, आणि त्यातल्या एकालाही ही बाई हात लावत नसे. तिची यंत्रं कॉम्प्युटरची. वय सेहेचाळीस, उंची बेताची, आवाज मात्र भट्टीच्या खोलीपर्यंत जाणारा.

तिचा बाप बोअरमध्ये पंप सोडायचा. तिपाई, कप्पी, दोर आणि खाली दोनशे फूट अंधार. असलं काम निघालं की काठावर शहाणे गोळा होतातच. हाताला माती लागू न देता सल्ला देतात. "अजून दहा फूट सोड, काही होत नाही." बाप म्हणायचा, "सोडतो की! ये, धर दोर." की शहाणा चप्पल सापडत नसल्यासारखा मागच्या मागे पसार. बापाचा नेमच होता: जो सांगेल त्यानं दोराला हात लावायचा. मशीनबाईनं हा नेम नोकरीत आणला. कुणी तोंडी हुकूम सोडला की ती वही पुढं करायची, "एवढं लिहून द्या." लोक हसायचे, पण लिहायचे.

केंद्रात दहा-अकरा वर्षांची मापं एका जुन्या सर्व्हरवर होती. तो जिन्याखाली घरघरत पडलेला असायचा. कुणाचा पाय गुडघ्याखाली गेलेला, कुणाचा वर. उरलेल्या पायाचा घेर किती, हाड कुठं टोचतं, कातडी कुठं हळवी, सगळं त्यात. ते क्लाउडवर न्यायचं ठरलं. म्हणजे काय, तर दूरच्या एका गोदामात हजारो खरी यंत्रं रांगेनं उभी असतात, त्यांतल्या एकाचा वाटा भाड्यानं घ्यायचा आणि त्यावर विंडोज सर्व्हर बसवायचा. हाताला लागत नाही, पण काम खऱ्यासारखं करतं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला.

ते मशीनबाईनं उभं केलं, आणि असं केलं की बघत राहावं. ताकद बेताची घेतली, उगाच हत्ती आणला नाही. मुख्य खात्याला कुणालाही सुचेल असलं नाव दिलं नाही. पासवर्ड सोळा अक्षरी. बाहेरून आत यायचं दार फक्त केंद्राच्या पत्त्याला उघडं ठेवलं, बाकी जगाला कुलूप. सगळे अपडेट चढवून तीनदा रिस्टार्ट करून बघितलं. मग मापांसाठी एक वेगळी कायमची डिस्क जोडली. सी वर विंडोज, डी तात्पुरती, ई आधीच अडलेली, म्हणून हिला अक्षर आलं एफ. तिचा बॅकअपही लावला. इतकं झाल्यावर चहाला उठली.

आणि मग आले सल्लागार. हा माणूस म्हणजे केंद्राच्या साहेबांचा साडू. हिरव्या शाईनं लिहायचा, म्हणून कामगारांनी त्याचं नाव हिरवी शाई ठेवलं होतं. मीटिंगमध्ये त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"बाई, ही एफ कशाला?"

"मापं ठेवायला."

"डी आहे की रिकामी. चांगली मोठी आहे, आणि फुकट."

"फुकट आहे कारण आपली नाही. स्टँडवरचा बाक आहे तो. त्यावर पिशवी ठेवून कुणी गावाला जातं का?"

"अहो, वीस वर्षं सर्व्हर लावतोय मी. सी वर विंडोज, डी वर डेटा. कुणालाही विचारा."

"तेव्हाची डी टेबलाखाली होती साहेब, स्क्रूनं आवळलेली. ही तशी नाही. नुसतं रिस्टार्ट केलं तर टिकेल. पण क्लाउडच्या पानावरून मशीन बंद केलं की ते आपली जागा सोडतं. पुन्हा उठतं ते दुसऱ्याच यंत्रावर, आणि डी तिथं कोरी मिळते. बॅकअपही निघत नाही तिचा. आत चिठ्ठी आहे बघा, खुद्द मशीननंच ठेवलेली."

चिठ्ठी खरंच होती. डी उघडली की पहिलीच फाइल. इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं, की इथं ठेवलेलं कधीही जाईल, परत मिळणार नाही, जपायचं काही इथं ठेवू नका. हिरव्या शाईनं ती उघडलीसुद्धा नाही. "कचरा कशाला ठेवता?" म्हणत सगळ्यांसमोर उडवली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई, ते सांगतायत तसं करा ना. प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नका."

मशीनबाईनं वही पुढं सरकवली. हिरव्या शाईला लिहायची हौस. त्यानं झोकात लिहिलं: 'एफ काढावी. मापे डी वर ठेवावीत.' खाली लफ्फेदार सही आणि तारीख. आणि तिनं एफ काढली. पुढं तिला स्वतःचा राग आला तो इथलाच.

पहिला आठवडा ती रोज निघताना डी वरची मापं हातानं सी वर उतरवून ठेवायची. ते हिरव्या शाईच्या ध्यानात आलं. जागा खातं म्हणून त्यानं त्या नकला पुसल्या, आणि त्या फोल्डरचा तिचा हक्कही काढून घेतला. वर साचेवाल्या काकांचं प्लास्टर बंद केलं. काका तीस वर्षं लोकांच्या पायांना ओलं प्लास्टर लावून साचे काढत होते. आता हातातला स्कॅनर पायाभोवती फिरवायचा, माप थेट सर्व्हरवर. "धूळ बंद!" हिरवी शाई म्हणाली. काकांनी बादली उलटी घालून त्यावर बसायला सुरुवात केली.

तीन आठवडे सुरळीत गेले. त्रेसष्ट माणसांची मापं झाली. मग एका शुक्रवारी मशीनबाई आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली, आणि हिरव्या शाईनं घरबसल्या क्लाउडच्या पानावरून एक सोय करून टाकली: शनिवार-रविवार मशीन बंद. सुटीत कशाला भाडं भरा? कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी तिनं लॉगिन केलं. मागं साचेवाले काका पहिलं माप घ्यायला उभे होते.

"काय झालं गं? बोलत का नाहीस?"

"काका, मापं गेली."

"जिन्याखालच्या डब्यात असतील की."

जिन्याखालचा सर्व्हर तिनं भंगारात जाऊ दिला नव्हता, म्हणून जुनी मापं शाबूत होती. गेली होती ती या तीन आठवड्यांची. डी वर एकच फाइल होती. तीच चिठ्ठी. मशीननं नव्या कोऱ्या डिस्कवर पुन्हा नेमानं ठेवलेली. माणसानं कितीदा उडवली तरी ती बिचारी आपलं सांगायचं काम सोडत नव्हती.

"त्रेसष्ट?" काका बादलीवर टेकले. "अगं, त्यातली निम्मी कुबड्यांवर आली होती."

हिरव्या शाईनं त्या दिवसापासून फोन उचलणं सोडलं. दुपारी साहेबांनी मशीनबाईला आत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला अहवाल तयार. एवढी चपळाई मापं जपताना कुणी दाखवली नव्हती. त्यात एक ओळ होती: 'सर्व्हर हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे माहिती नष्ट झाली.' खाली तिच्या सहीसाठी जागा.

तिनं वही उघडून हिरवी ओळ दाखवली. साहेबांनी ती वाचली, नाही असं नाही.

"हे आपल्या घरातलं झालं बाई. बाहेर कशाला? तुमची नोकरी जात नाही, मी शब्द देतो. नुसती एक नोंद राहील."

"खोटी नोंद."

"तुम्ही रजेवर होतात हेही खरंच ना?"

आता याला काय म्हणावं! आईचा डोळा फाडलेला, ही दवाखान्याच्या बाकावर बसलेली, आणि तेच हिच्या नावावर गुन्हा म्हणून मांडायचं. करणारा साडू, भरणारी बाई. ती म्हणाली, "उद्या सांगते," आणि दार जरा जोरातच लागलं.

घरी आई एका डोळ्यावर पट्टी बांधून भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली एकाच ढिगात टाकत होती. मशीनबाईनं सगळं सांगितलं. सांगताना तीन वेळा 'मेल्यानं' म्हणाली.

"सही केलीस?"

"नाही."

"करू नकोस. तुझ्या बापानं दुसऱ्यानं पाडलेला पंप कधी आपल्या माथी घेतला नाही."

"तेच म्हणते मी!"

"थांब, पुरतं ऐक. पण पंप पडला की गळ टाकून तो वर काढायला पहिला तोच बसायचा. कुणी का पाडेना." आईनं उघडा डोळा तिच्यावर रोखला. "ती तुझी एफ का काय, ती काढली कुणी?"

"त्यांनी सांगितलं म्हणून..."

"काढली कुणी?"

"मी."

"मग तेवढं तुझं. बाकीचं ज्याचं त्याला दे. आणि ही भाजी नीट कर, मला धड दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मशीनबाई साहेबांच्या खोलीत गेली ती तीन कागद घेऊन. एक त्यांचा अहवाल. दुसरा डी वरच्या चिठ्ठीचा प्रिंट. तिसरी त्रेसष्ट नावांची यादी, नावनोंदणीच्या रजिस्टरातून उतरवलेली, फोन नंबरांसकट. मागं काका दारात.

"सही करते साहेब."

साहेबांचा चेहरा सैल झाला. "मला माहीत होतं, तुम्ही समजूतदार..."

"एक अट आहे. यादीतला पहिला फोन तुम्ही लावायचा. स्पीकरवर. जे या अहवालात लिहिलंय तेच त्या माणसाला तोंडानं सांगायचं, माझ्यासमोर. ते जमलं की मी सही करते."

"हे काय पोरखेळ..."

"तुम्ही सांगताय ना अजून दहा फूट सोड म्हणून? मग दोराला हात लावा."

दोराचं साहेबांना काही कळलं नाही. पण एका फोनात प्रकरण मिटतंय एवढं कळलं. त्यांनी नंबर फिरवला. यादीत पहिली होती एक शिवणकाम करणारी बाई. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, म्हणजे शिलाई मशीनचं पायडल गेलेलं.

"हॅलो, केंद्रातून बोलतोय. काही तांत्रिक अडचणीमुळे..."

"पाय झाला का माझा?"

"नाही. जरा माप पुन्हा द्यावं लागेल."

"का? वाढला की काय पाय?"

दारात काकांना खोकला आला.

"तसं नाही. ते माप सध्या... उपलब्ध नाही."

"म्हणजे हरवलं."

"तसं म्हणता येईल."

"मग तसं म्हणा की! तीन गाड्या करून आले होते मी. लग्नाचे कपडे अडलेत माझ्याकडे, हातानं चाक फिरवून शिवतेय. कुणी हरवलं?"

साहेबांनी अहवालावर नजर टाकली. ओळ समोरच होती, ठळक टाइपात. "आमच्या एका कर्मचा..." एवढं म्हणाले आणि वर बघितलं. मशीनबाई समोर उभी होती. रडत नव्हती, डोळे वटारत नव्हती. हातात पेन उघडून सहीला तयार होती. पंख्याखाली चिठ्ठीचा प्रिंट फडफडत होता.

"आम्ही हरवलं," साहेब म्हणाले.

"आम्ही म्हणजे किती जण? हे बघ बाबा, माझ्याकडून कुणाचा ब्लाउज बिघडला तर मी 'आम्ही बिघडवला' म्हणत नाही. नाव काय तुझं?"

साहेबांना कुणी अरे-तुरे करून किती वर्षं झाली होती कोण जाणे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

"हां. मग असं कर, मी काही येत नाही आता. तू ये माप न्यायला. रस्ता लिहून घे, विसरशील."

साहेबांनी कागद चाचपला. हाताशी मशीनबाईची वही उघडी होती, तीच ओढली. हिरव्या ओळीखाली निळ्या शाईत ते लिहायला लागले: स्टँडवरून पहिली गाडी, चौकात उतरायचं, दुसरी गाडी, पाण्याच्या टाकीपाशी तिसरी.

पलीकडून फोन बंद झाला. मग साहेबांनी अहवाल उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. फाडला नाही, असल्या माणसांचा हात एवढ्या लवकर सुटत नाही. पण सहीचं नाव काढलं नाही.

"नवा अहवाल लिहाल त्यात एक ओळ माझीही घाला," मशीनबाई म्हणाली. "एफ मीच काढली. तेव्हाच दोर सोडून बाजूला व्हायला हवं होतं, झाले नाही. आणि आज एफ परत जोडतेय. तुमच्या साडूंना विचारणार नाही."

दारातून काकांनी विचारलं, "साहेब, मग निघायचं कधी? प्लास्टर बरोबर घेतो. त्याला वायर लागत नाही."

बाहेर बादली सुलटी झाल्याचा आवाज आला. मशीनबाईनं खुर्ची ओढली, यादी आपल्यापुढं घेतली आणि दुसरा नंबर स्वतः लावला.

"नमस्कार. तुमच्या पायाचं माप आमच्याकडून हरवलं. माझं नाव लिहून घ्या आधी, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."