बंदराचा गाळ आणि आमचे मामा

आमची लॅब बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी आमच्यातले दोघं जरी दौंड स्टेशनवर भेटले, तरी चहा गार होतो आणि किस्से काही संपत नाहीत. एक उकरला की खालून दुसरा निघतो. आणि निम्म्याहून जास्त मामांचेच!

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. गाव कासुर्डी, घराणं मेंढपाळांचं, रिटायरमेंट जवळ आलेली. काम काय, तर मुंबईकडच्या एका बंदराच्या तळाचा गाळ ड्रममधून आमच्याकडे यायचा. तो बरण्यांत भरायचा, वर खारं पाणी घालायचं, त्यात तांदळाच्या दाण्याएवढे झिंग्यासारखे जीव सोडायचे. दहा दिवसांनी बघायचं, कोण जगलं आणि कोण गेलं, म्हणजे गाळ किती विषारी ते कळायचं. समुद्र कुठं, दौंड कुठं!

*

एकदा आमचा टेम्पो यवतला ढाब्यावर थांबला. ऊन नुसतं रणरणत होतं. वास सुटला तसा ढाबेवाला पळत आला, "काय भरलंय रं ह्यात?"

ड्रायव्हर पार दमलेला. म्हणाला, "समुद्र."

"मग तुझा समुद्र तिकडं लांब लाव की! गिऱ्हाईक उठून चाललंय!"

*

दुपारी लॅबमध्ये पडदे ओढलेले असायचे. प्रत्येक बरणीत हवेची नळी, सगळीकडे बारीक बुडबुड. बाहेर दौंडचा फुफाटा आणि आत निळसर, गार अंधार. अहो, डोळे आपोआप मिटायचे! अजून कधी झोप लागेना की मी तो आवाज आठवतो.

एकदा आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम आल्या, तर मामा स्टुलावर भिंतीला टेकलेले. "मामा, झोपलात का?"

"न्हाई मॅडम," डोळे न उघडताच मामा म्हणाले, "जरा समुद्रावर गेलो व्हतो."

खरं तर मामांनी समुद्र कधी बघितलाच नव्हता. दरवेळी गाळ आणायला आम्ही जायचो आणि मामा मागं ड्रम धुवायचे. शेवटी मॅडमनी शब्द दिला, "रिटायर व्हायच्या आधी तुम्हाला नेणार." मामांनी नवी टोपी घेऊन ठेवली.

*

आणि मग मामांनी घोळ घातला!

आमच्या टेस्टचा नियम असा, की घाण गाळाच्या बरणीशेजारी स्वच्छ गाळाची एक बरणी ठेवायचीच. तिला म्हणायचं कंट्रोल. तिच्यातले जीव जगले, तरच शेजारच्या बरणीतल्या मरणाला अर्थ. आणि दुसरा नियम, दहा दिवस कुणालाच खायला द्यायचं नाही.

मामांनी सगळ्या बरण्यांत भाकरी कुस्करून टाकली. पाणी नासलं, कंट्रोलमधले जीवसुद्धा गेले, टेस्ट बाद!

मॅडम कडाडल्या. मामा खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, मेंढरं उपाशी असली तर आमच्यात कुनी घास घेत न्हाई. माझ्यानं जेववंना."

पुण्याच्या हेड ऑफिसातल्या साहेबांनी फोनवरच सांगून टाकलं, "त्यांना मुंबईला न्यायचं नाही." मामा ड्रम धुवायला निघून गेले. मला मात्र लई वाईट वाटलं.

*

पुढची टेस्ट लागली. मामा बरण्यांकडे बघायचे, हात मागं बांधून ठेवायचे. एका दुपारी मॅडमना विचारलं, "आज कितवा दिवस?"

"सहावा."

"व्हय? मंग माझा बी सहावाच."

गडी दुपारचं जेवणच सोडून बसला होता! मॅडमना हसावं की रडावं कळेना. ह्यावेळी कंट्रोलमधले जीव ठणठणीत राहिले, आणि बंदराच्या गाळातले जवळजवळ सगळे गेले. त्याच दिवशी मॅडमनी साहेबांना फोन लावला, "मामा येणार. नाहीतर मीही जात नाही."

*

बंदरावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. धुकट उजेड, कुठं पाणी संपतंय आणि कुठं आभाळ सुरू होतंय काही कळत नव्हतं. लाँच हळूहळू डुलत होती. आम्ही तळाचा काळा गाळ वर ओढला, ओळखीचा वास आला, पण आमचं सगळं लक्ष मामांकडे. आता काय बोलतात?

नवी टोपी हातात धरून मामा कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. वळून मागंही बघितलं.

"मॅडम," मामा हळूच म्हणाले, "ह्याचा कंट्रोल कुठं ठिवलाय?"