दगडावरच्या चौदा वस्तू

महाळुंग्याकडून मोशीवरून चिंचवडला जाणारी आमची बस अगदी छोटी होती. पुढे लांब नाक, मागे वीस माणसांची जागा, आणि आत बसायची तीस-पस्तीस. सुरू करायला कंडक्टर खाली उतरून नाकात लोखंडी हँडल घालून फिरवायचा, आणि गाडी दोनदा खोकून मगच मनावर घ्यायची. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास ती आमच्या आडरस्त्याला आली, तेव्हा अशा दोन गाड्या होत्या. पुढे कारखाने वाढले, शिफ्टची माणसं वाढली आणि ऐंशीनंतर मोठ्या गाड्या आल्या. मोठ्या गाड्या वेळेवर सुटत. आमची सुटायची ती माणसं आल्यावर.

त्याचं कारण ड्रायव्हरदादा. पहिल्याच वर्षी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई शेतातून धावत येत होती आणि त्यांनी तिला न बघता गाडी सोडली. लेकरू वाचलं, पण दादांच्या मनाला ते लागून राहिलं. तेव्हापासून रीत पडली. ज्याला जायचंय त्यानं सकाळी थांब्यावरच्या दगडावर आपली एखादी वस्तू ठेवायची आणि खुशाल आपलं काम उरकत बसायचं. दादा येऊन वस्तू मोजणार, हॉर्न देणार आणि तेवढी माणसं चढल्याशिवाय हलणार नाहीत. चिंचवडच्या शाळेत मी तीन वर्षं या गाडीनं गेले. रोज दगडावर माझी पाटीची जुनी चौकट असायची.

मॅट्रिकच्या वर्षी वडिलांनी सांगून टाकलं होतं, "यंदा काय ते कर. पुन्यांदा बसवायचं न्हाई." म्हणजे परीक्षा हुकली तर लग्न. स्थळ बघूनही ठेवलं होतं. गावातून मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे माझ्यापेक्षा गावालाच जास्त धडधडत होतं.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी थांब्यावर आले तर दगड दिसेना. आमचा पितळी तांब्या, चुलतीची टोपली, मास्तरांची छत्री, न्हाव्याची धोकटी, कुणाची पायताणं, कुणाचं घोंगडं. दादांनी उतरून मोजलं. चौदा.

"आज समदं गाव निघालं म्हणायचं चिंचवडला," ते खुशीत म्हणाले आणि त्यांनी हॉर्न दिला.

मी पुढे, इंजिनाच्या गरम झाकणाशेजारी जाऊन बसले. तिथे आधीच एक म्हातारी बसली होती, शेजारच्या वाडीतली, मांडीवर गाठोडं घेऊन. तिनं सरकून मला जागा दिली. कुणी येईना. दादांनी पुन्हा हॉर्न दिला. दूर कांद्याच्या रानात काढणी चालली होती. तिथल्या बायाबापड्या उठून हात हलवत ओरडल्या, "थांबाऽ! थांबाऽ!"

"येत्यात बघ," दादा म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

असं चारदा झालं. आम्ही हॉर्न द्यायचा, त्यांनी थांबा म्हणायचं. माझ्या हातातल्या पेनाला घाम सुटला. शेवटी कंडक्टर बांधावरून पळत गेला आणि कपाळाला हात लावून परत आला. जायचं कुणालाच नव्हतं. मी पोचायच्या आत गाडी सुटू नये म्हणून प्रत्येकानं, दुसरा विसरेल या भीतीनं, पहाटेच आपली वस्तू ठेवली होती आणि सगळे कांदे काढायला निघून गेले होते. हॉर्न ऐकला की त्यांना वाटे मी अजून आले नाही, म्हणून ते बिचारे जीव तोडून गाडी थांबवत होते.

माझ्या गावाचा मला असा राग पुन्हा कधी आला नाही, आणि असा लळाही पुन्हा कुणी लावला नाही.

पाऊण तास गेला होता. दादा गाडीत वळून उभे राहिले. "आता थेट चिंचवड. मधी कुठं थांबलो तर पोरीचा पेपर गेला. कुणाला उतरायचं आसंल तर आत्ताच बोला, भाऊ."

कुणी बोललं नाही. म्हातारीनं गाठोडं पोटाशी धरलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मग ती गाडी पळाली, म्हणजे तिच्या मानानं पळाली. वाटेतल्या प्रत्येक गावी दगडावर वस्तू होत्या आणि माणसं धावत येत होती. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "परीक्षा हाय! परीक्षा हाय!" दादा मात्र समोर बघत होते, ओठ घट्ट मिटून. शाळेचं फाटक लावायला शिपाई निघालाच होता. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. "पळ बाई." मी पळाले.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले, स्थळ मागे पडलं. पेढे घेऊन गाडीत चढले आणि म्हातारीची चौकशी केली, तर दादा हातातला पेढा तसाच धरून म्हणाले, "ती लेकीच्या गावी आसंल बघ. त्या दिवशी तिला तिथंच उतरायचं व्हतं. लेक बाळंतपणात अडली व्हती तिची. मला मागनं कळलं."

ते गाव चिंचवडच्या अलीकडे आठ मैल होतं. तेवढं ती उन्हातून चालत मागे गेली होती.

मी त्या घरी गेले. म्हातारी ओट्यावर पाय पसरून नातवाला तेल लावत होती. लेक आतून म्हणाली, "आय आली तवा हे जन्मून रडून झोपलं बी व्हतं." ती हसून म्हणाली, पण मला खाली बघावं लागलं.

"आजी, तुम्ही बोलला का नाही?" मी विचारलं. "दादांनी थांबवली असती गाडी."

"थांबवली आसती की. म्हणून तर न्हाई बोलले." तिनं बाळाला उताणं केलं. "तिच्यापाशी सुईण व्हती, सासू व्हती. तुझ्यापाशी त्या गाडीत कोण व्हतं?"

तिनं ते तेलकट, गरम बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मी त्याला धरून हुंदके देत रडले.