आत थोरली, बाहेर धाकटी

लोणी भापकरात कुणालाही या दोन जावांच्या भांडणाबद्दल विचारा. माणूस आधी हसेल आणि मग सरकून तुम्हाला बसायला जागा देईल, कारण ते उभ्याउभ्या सांगून होत नाही.

थोरली कौसल्या, धाकटी सारजा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीचं पाणी वाटलं, म्हशी वाटल्या, पितळी परात कुणाची यावर अख्खी सकाळ गेली, तीही मिटली. अडलं ते मधल्या बांधावरच्या निरगुडीपाशी. ती सासूनं लावलेली. म्हातारी तिचे फोक, त्या लांब लवचीक काड्या, तोडून पाट्या विणायची आणि विणताना म्हणायची, "थोरलीच्या हाताला वळण न्हाय अन् धाकटीच्या जिभंला." म्हातारी गेली. पाट्या विणणं दोघींपैकी कुणालाच येत नव्हतं, त्या झाडाचा कुणालाच उपयोग नव्हता, पण एकीनं फांदी तोडली की दुसरी शिव्यांनी शिवार दणाणून सोडायची. अशाच एका दिवशी कौसल्या बांधावर उभी राहून म्हणाली, "आता हिच्याशी मी आधी बोलले तर माझं नाव बदला!" सारजानं तिकडून तसंच ठणकावलं.

झालं. बोलणं बंद. लेकरांची लग्नं झाली, एकमेकींच्या मांडवात दोघी जेवून आल्या, तरी शब्द नाही. काही सुनावायचंच झालं तर मांजराला, म्हशीला, नाहीतर भिंतीला. कौसल्येचे मालक रामहरीराव पारावर सांगायचे, "आमच्या म्हशीला जेवढं मराठी कळतं तेवढं मास्तरलाबी कळत न्हाय."

आता गंमत बघा. तानूबाई म्हणून एक म्हातारी लेकीकडं राहायला आली. उभा जन्म भिगवणला मासळीच्या पाट्या विणण्यात गेलेला. तिथल्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला कणग्या हव्या होत्या. धान्य साठवायची ती उंच, फुगीर पोटाची टोपली हो. आता धान्य प्लास्टिकच्या पिंपात जातं आणि कणगी हॉटेलात. तानूबाई म्हणाली, "माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाय, पोरींनो. या, शिकवते."

कौसल्येला सासूचा तो टोमणा अजून सलत होता. ती निरगुडीचा भारा डोक्यावर घेऊन तानूबाईच्या पडवीत पोचली, तर सारजा आधीच तिथं पाय पसरून बसलेली. तिच्यापुढंही निरगुडीचाच भारा. परत फिरावं तर हरल्यासारखं. कौसल्या बसली. पडवीत तानूबाईची लंगडी कोंबडी फिरत होती, तिच्याकडं बघून सारजा म्हणाली, "काय गं कोंबडे, आमच्या बांधावरची निरगुडी चोरून आणलेली वळखू येती का तुला?"

कौसल्याही कोंबडीलाच म्हणाली, "तुला येती ना वळखू? मग त्या समोरच्या भाऱ्याचा वास घे."

शेजारी बसलेल्या बिस्मिल्लाची हसून हसून पुरेवाट झाली. "तानूबाई, त्या कोंबडीला जरा पाणी पाजा. दोन्हीकडचं ऐकून मरंल बिचारी."

टोपल्यांपर्यंत जमलं. कणगीला मात्र दोघी लागतात. एकीनं आत बसायचं, एकीनं बाहेर. आतलीनं फोक बाहेर सारायचा, बाहेरचीनं ओढून उभ्या फोकाला वळसा देऊन परत आत द्यायचा. अशी भिंत चढत जाते. बिस्मिल्लानं शेजारच्या प्रगतीला जोडीला घेतलं, बाकीच्यांनी आपापल्या जोड्या लावल्या, उरल्या या दोघी. तानूबाई म्हणाली, "थोरलीनं आत बसावं. दुसऱ्या कणगीला धाकटी आत. रुसवेफुगवे घरी ठिवून यायचे."

कौसल्या आत बसली आणि सुरू झालं युद्ध. आतून फोक सरकला की सारजा असा हिसडा द्यायची की कौसल्येच्या बोटांची सालपटं निघावीत. कौसल्या परतीचा फोक असा खेचायची की बाहेर बांगड्या कडाकड वाजाव्यात. भिंत गुडघ्याची कमरेला आली. तानूबाईनं बोट घालून बघितलं, बोट जाईना. "आगं, ही कणगी हाय का किल्ला?"

भिंत छातीला आली तेव्हा बाहेर एकच गलका झाला. फाट्यावर उसाची ट्रॉली उलटली होती. आता उसाच्या गावात उसाचं काय कौतुक म्हणाल, पण उलटलेल्या ट्रॉलीचा ऊस घरच्या उसापेक्षा गोड लागतो. तानूबाईसकट सगळी पडवी रिकामी झाली. सारजा मात्र उठली नाही.

कौसल्येच्या ध्यानात आलं, ती का उठली नाही ते. बाहेर पडायला आत पाट लागायचा. वरचे उभे फोक तिरपे छाटलेले, भाल्यासारखे टोकदार. हात टेकवायची सोय नाही आणि गुडघे तर कधीचे गेलेले. रोज तानूबाई पाट आत द्यायची. आज तो पाट सारजाच्या मांडीला लागून होता.

कौसल्या म्हणाली, "कोंबडे, तो पाट जरा वर सरकव."

"कोंबडे," बाहेरून आवाज आला, "ज्याला पायजे त्यानं नाव घेऊन मागावा."

"नाव घ्यायला तोंड इटाळायचं न्हाय."

"मग बस म्हणावं आत. अंडी घाल."

कौसल्येच्या अंगाचा तिळपापड झाला. मागायचं? बांधावर उभं राहून गावादेखत घेतलेली आण, ती या पाटापायी मोडायची? तिनं दात-ओठ खाल्ले आणि काय केलं असेल? एक फोक उचलला आणि फटीतून बाहेर सारला.

सारजाला तो सोडता येईना. सोडला तर थोरली म्हणणार, धाकटीच्यानं झालं नाही. तिनं ओढला, वळसा दिला, परत आत खुपसला. कौसल्येनं दुसरा सारला. दोघी पेटल्या. मघाशी फटीतून सारजाचा एक लालबुंद डोळा दिसत होता, तोही हळूहळू दिसेनासा झाला. आतला उजेड गेला, निरगुडीचा कडवट वास नाकात भरला, हात डोक्यावर न्यावे लागले, तरी एकीनंही थांबायचं नाव घेतलं नाही.

बायका काखेत ऊस मारून परत आल्या तर पडवीत पुरुषभर उंचीची कणगी, शेजारी पाटावर चढून उभी असलेली सारजा, आणि वरच्या कडेतून आपोआप बाहेर येणारा फोक.

"कौसल्या कुठाय?" तानूबाई म्हणाली.

सारजानं हनुवटीनं कणगी दाखवली.

बिस्मिल्लानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! जित्तं माणूस पुरलं की गं हिनं!"

तानूबाईनं कोयता उचलला. "कापायला लागंल."

"कापू नगा!" आतून आणि बाहेरून एकदमच ओरड आली. दोघींच्या जिवापाड खेचाखेचीतून झालेली वस्तू ती. दोघींनाही ती मोडवेना. पण हे दोघी तानूबाईला बोलल्या होत्या, तेव्हा कुणी हरलं नाही.

मग आडवी करायची ठरली. बायका चहूकडून धरायला येतात न येतात तोच सारजानं खांदा लावून कणगी ढकलली. कणगी आडवी झाली, अंगणापर्यंत गडगडत गेली आणि तिच्या तोंडातून कौसल्या भोपळ्यासारखी बाहेर पडली. केसात पाला, पदर कुठल्या कुठं, मुठीत फोक तसाच. ती उठली ती थेट सारजापुढं.

"ढकलायच्या आधी सांगायचं असतं, भवाने!"

सारजानं दोन्ही हात वर केले. "बोलली! अक्का बोलली! सगळ्याजणी साक्षीला हायत!"

"मी... मी कोंबडीला बोलले!"

"कोंबडी मघाशीच परसात गेली," बिस्मिल्ला म्हणाली.

त्या दिवशी कौसल्या जेवली नाही. रामहरीरावांनी नुसतं विचारलं, "आता तुझं नाव काय ठिवायचं?" तर तिनं लाटणं फेकलं. सकाळी मात्र भारा घेऊन सगळ्यांच्या आधी पडवीत हजर. दुसरी कणगी लावायची होती आणि आत धाकटीची पाळी होती.

सारजा आली, थबकली. मागं फिरली असती तर कालची सगळी जीत मातीत गेली असती. पदर खोचून ती उभ्या फोकांच्या मधे जाऊन बसली.

कौसल्येनं पाट ओढून आपल्या बुडाखाली घेतला आणि पहिला फोक असा खेचला, की आत बांगडी फुटली.