बाबांनी न सांगितलेली किंमत

आज कुवेतमधल्या फिंतासच्या माझ्या घरात दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि बोटांना आलेल्या त्या वासाने बाबा आठवले. खूप वर्षांपूर्वी ते माझ्याकडे इथे आले होते. फौजेत त्यांनी आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या होत्या. माझे साहेब, अबू फहद, यांना हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला फहाहीलमधल्या आपल्या घरी चहाला बोलावलं. स्वतःच्या आजोबांची थ्री-नॉट-थ्री रायफल त्यांना एका संग्राहकाला विकायची होती.

बाबांनी आधी ती रिकामी असल्याची खात्री केली. मग बोल्ट काढून नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. "आतून स्वच्छ आहे. बोल्ट-नळीवरचे नंबरही जुळतायत," ते खुशीत म्हणाले. मागच्या लाकडी दस्त्यावरून फिरणारा त्यांचा हात मात्र मध्येच थांबला. तिथे लाकडाचा वेगळा तुकडा बसवलेला होता.

"मग वाजवी किंमत किती?" अबू फहदनी हिंदीत विचारलं.

बाबांनी रायफल हळूच खाली ठेवली. "माफ करा साहेब, मला नाही सांगता येणार."

परतताना गाडीत मी चिडूनच म्हटलं, "एक आकडा सांगायला काय हरकत होती?"

ते म्हणाले, "लढाईत माझ्या दोस्ताची, नामदेवची रायफल अशीच दस्ता फुटून माझ्याकडे आली. नामदेव नाही आला. मी रक्त पुसलं, लाकूड बसवलं आणि सकाळी ती एका नव्या जवानाला दिली. त्यानं विचारलं, चांगली आहे ना, उस्ताद? मी म्हटलं, एकदम चांगली."

त्या जवानाचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नंतरही कधी झालं नाही, आणि आता बाबा नाहीत.