चतुराच्या अळीचा श्वास

लातूरच्या कॉलेजातली आमची प्राणिशास्त्राची मंडळी कुठंही भेटली, अगदी लग्नाच्या पंगतीत, तरी विषय अळ्यांवरच येतो. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. शेजारचे पाहुणे ताट उचलून लांब बसतात!

कॉलेजात असतानाचं आमचं काम साधं होतं. बाटली पाण्यानं काठोकाठ भरायची, आत चतुराची अळी सोडायची, बूच लावायचं आणि अळीनं पाण्यातला किती ऑक्सिजन घेतला ते मोजायचं. माझं आणि माझी मैत्रीण संघमित्राचं एम.फिल. त्याच्यावरच. गाईड बिराजदार सर.

बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला की रीडिंग बाद. म्हणून बूच लावताना संघमित्रा स्वतःचाच श्वास रोखून धरायची. सर म्हणाले, "अहो, श्वास अळीचा मोजायचाय. तुम्ही घ्या!"

*

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि त्यात दुष्काळ. ऑफिसांच्या पाट्या नव्याकोऱ्या, तळी मात्र खडखडीत! अळ्या आणायला थेट नांदेडजवळ विष्णुपुरीला, गोदावरीच्या डोहावर जावं लागे.

परत येताना एसटीत शेजारच्या आजोबांची नजर आमच्या कॅनवर. "पोरी, घोटभर पानी दे की."

"आजोबा, यात अळ्या हायत."

त्यांनी आत डोकावून बघितलं. "ह्या तर कमीच हायत! आमच्या आडात लई हायत."

आम्ही त्यांना आमची प्यायची बाटली दिली. ती संपवून म्हणाले, "आता त्यातलं बी दे थोडं!"

*

एकदा घाईत मी दोन अळ्या एकाच बाटलीत सोडल्या. तासाभरानं बघते तर एकच, चांगली गुबगुबीत!

"दुसरी कुठं गेली?" सरांनी विचारलं.

"हिनं खाल्ली, सर."

सरांनी बाटली उजेडात धरून बघितली. "बरं झालं, तुम्ही दोघी वेगळ्या खोलीत राहता."

*

शेवटी एकच अळी उरली. तिचं रीडिंग मिळालं की माझं काम पूर्ण. तिकडं डोहही आटलेला, दुसरी मिळणार नव्हती.

सकाळी बघते तर सर टेबलापाशी पुतळ्यासारखे बसलेले. अळी ट्रेमधून निघून त्यांच्या बाहीवर चढली होती. तिची पाठ उकलली होती आणि त्यातून ओला, चुरगळलेला चतुर बाहेर येत होता.

"सर, माझं रीडिंग!" मी रडायच्या बेतात होते.

"गेलं तर जाऊ द्या," सर कुजबुजले. "आधी हे बघा."

मी बघितलं. काचेसारखे पंख हळूहळू उलगडत होते. रडायचं राहूनच गेलं.

इतक्यात शिपाई गफूरभाई दारातूनच ओरडले, "सर, चला लवकर! हॉलमध्ये कलेक्टरसाहेब येऊन बसलेत. पान्याची मीटिंग हाय, प्राचार्य बोलावून राहिलेत!"

सरांनी मान न हलवता हळूच काहीतरी सांगितलं. गफूरभाईंना बाहीवरचा चतुर दिसलाच नाही. ते गोंधळून निघाले. नीट समजावून सांगावं म्हणून मी मागं धावले, पण हॉलच्या दारात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

साऱ्या साहेबांसमोर गफूरभाई खणखणीत आवाजात सांगत होते, "बिराजदार सर म्हनले, पंख वाळले की येतो!"