जुना ब्राउझर आणि गजूचं शहाणपण

माझ्या लॅपटॉपवरचा ब्राउझर जुना आहे, संथ आहे, आणि मी तो बदलणार नाही.

कारण माझा मेहुणा गजू. लॅपटॉप घेताना त्याला वाशीमच्या दुकानात सोबत नेलं, ही माझी चूक. भाजी विकून मी घर उभं केलं. घासाघीस मला कोणी शिकवू नये! भाव पटेना, तसा रागाने उठलो. दुकानाच्या दोन पायऱ्या उतरलो. तिसरीवर दुकानदार हाक मारणार हे नक्की! तेवढ्यात आतून गजूचाच आवाज आला, "घेऊन टाका न भाऊजी, भाव बरोबर आहे!"

एक रुपया सुटला नाही!

त्या रागात घरी येऊन मी एक पासवर्ड ठरवला आणि सगळीकडे तोच टाकला. ब्राउझरने विचारलं, लक्षात ठेवू का? म्हटलं, ठेव. त्याने ठेवला आणि कुणाजवळ तोंड उघडलं नाही. (आमच्या घरात असं दुसरं कोणी नाही.)

परवा मुलीचा, प्रियाचा, कृषी कॉलेजचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मुदत पाचची. साडेचारला वावरातून आलो, तर लॅपटॉपसमोर गजू!

"बाबा, मामाने जुना ब्राउझर काढून नवा टाकला."

"काहून काढला बे?"

"रांगून राह्यला होता. आता पाहा कसा पळते! फक्त पासवर्ड सांगा."

फॉर्मचं खातं मीच उघडलेलं, म्हणजे पासवर्डही तोच. तोंडपाठ होता. पण सांगू कसा?

"सरक, मी टाकतो!" एका बोटाने टाकला. चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक! आणखी एकदा चुकलं तर खातं दिवसभर बंद, अशी लाल ओळ आली. मी अंगणात गेलो, आत आलो, पुन्हा अंगणात गेलो.

"बाबा, माझं वर्ष जाईन न!" प्रिया रडकुंडीला आली.

"सांगा न भाऊजी, मी काय परका आहो?"

(परका असता तर कधीच सांगितला असता!)

शेवटी प्रियाच्या कानात सांगितला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"टाक लवकर!"

तिने टाकला. "थांब, आता चुकू नये," म्हणत गजूने ठिपक्यांशेजारच्या डोळ्याच्या चित्रावर दाबलं. ठिपके गेले, अक्षरं उमटली: गजूबिनडोक१२३.

मी वर फिरत्या पंख्याकडे बघू लागलो.

गजूने शांतपणे एंटर दाबलं. खातं उघडलं, फॉर्म गेला, पावती आली. मग तो म्हणाला, "भाऊजी, पासवर्ड लय सोपा आहे. कोनीबी ओळखन."

"म्या तर पयल्याच दिवशी ओळखला होता," स्वयंपाकघरातून बायको.

जाताना गजूने जुना ब्राउझर परत बसवून दिला. सगळीकडे नवा पासवर्ड घातला, ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगितलं, मला मात्र सांगितला नाही. प्रियाला ठाऊक आहे, पण त्यात माझं नाव आहे, एवढंच ती सांगते. मी लॅपटॉप उघडला की ती तोंडाला ओढणी लावते. आता ब्राउझर बदलायचा तर पासवर्ड गजूला विचारावा लागेल. आणि तो मला भर बाजारात, मोठ्याने सांगेल!